दुसरा गोळा

मी एकदा एक काठी तयार केली होती, आणि ती केल्याचे नऊ वर्षे कोणालाही सांगितले नाही. बाभळीच्या फळकुटाची, हातभर लांब, मुठीशी जाड, टोकाला लाकडावर बसेल अशी खाच. लाकूड चोरीचे नव्हते. ते चुलीतच जायचे होते. त्या काठीने कोणाला इजाही झाली नाही. तरीही एका सरळ माणसाचा स्वतःवरचा विश्वास तिच्यामुळे गेला, आणि तो जात असताना मी चार हातांवर गप्प उभा होतो. त्या माणसाबद्दल लिहायचे तर हे आधी सांगायला हवे. नाहीतर पुढचे सगळे कौतुक मी माझ्या सोयीने केले असे होईल.

नव्वदच्या दशकाची अखेर असावी. दौंडहून कुरकुंभकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची एक शेड होती. कारखान्यांत रसायनांची पिंपे ज्यांवर उभी करतात ती लाकडी पॅलेट तिथे बनत. आम्ही सात माणसे आणि मोठी मशीन एकच: लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेले गोल दातेरी पाते, खाली मोटार. आम्ही तिला नुसते कटर म्हणत असू. त्या कटरवर जे उभे राहत त्यांना मालक मिस्त्री म्हणत आणि आम्ही चाचा. साठीला आलेले, उंच, खांद्यांत किंचित वाकलेले, भुवयांवर कायम भुसा. घराणे तीन पिढ्यांपासून दौंडातले. मी पाटसजवळच्या वस्तीवरून एसटीने येई. वय सव्वीस, आयटीआयचा दाखला पेटीत आणि त्याचा ताठा मानेत.

"या, आयटीआय साहेब," पहिल्या दिवशी चाचा म्हणाले. "बोटं किती आणलीत?"

"दहा."

"काय?"

मी पुन्हा सांगितले. कटरच्या तीस वर्षांच्या घरघरीने त्यांचे कान अधू झाले होते, आणि माझा आवाज मुळात बारीक.

"तोंडात गुळणी धरलीय का काय? दहा ना? मग जाताना दहाच न्यायची. बाकी काय शिकला न्हाईस तरी चालंल."

त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा मी कधी पाहिला नाही. ईदला नवा सदरा शिवला तरी नमाज होऊन घरी येताच ते कात्री मागत आणि कोपरावर बाह्या उडवत. सैल कापड पात्याला आवडते, असे ते म्हणत. त्या बाह्यांना तळाशी टाका घालून चाची त्यांत सुक्या मिरच्या भरून ठेवत. मालकाने एकदा हौसेने सगळ्यांना जाड हातमोजे आणले. चाचांनी आपला जोड माझ्या हातात दिला. "तुझ्या आईला दे. वांगी तोडताना काटे लागत्यात ना, तिथं कामाला येतील. हितं न्हाई. मोजा पात्यात गेला की हाताला इचारत न्हाई, बरुबर घिऊन जातो." माझ्या आईने ते मोजे तीन वर्षे वांग्यांच्या वाफ्यांत वापरले आणि न पाहिलेल्या माणसाला दुवा दिला.

कामाला उभे राहिले की मनगटावरचे घड्याळ काढून ते खिळ्याला अडकवत. मशीनवर वेळ पाहायचा नाही, हा नियम. बोलायचेही नाही. पण बोलण्याची आवड दांडगी. त्यामुळे व्हायचे असे की पात्याची उंची ठरवताना ते काहीतरी सांगू लागत, लाकूड टेबलावर आले की वाक्याच्या मध्येच थांबत आणि खटका दाबत. मग पंधरा-वीस मिनिटे एक शब्द नाही. पाते पुरते थांबले की, मध्ये काही घडलेच नाही अशा सुरात, तुटलेल्या शब्दापासून पुढे चालू. "तर तो बैल काय केल्या—" आणि वीस मिनिटांनी, कपाळ पुसत, "—उठंना. मग आमच्या म्हाताऱ्यानं त्याच्या म्होरं कडब्याची पेंढी धरली." नवीन माणूस गोंधळून जाई. आम्हाला मात्र ती अर्धी वाक्ये पोटात धरून ठेवायची सवय झाली होती. खिळे ठोकताना आम्ही पैज लावत असू, बैल उठला की नाही.

पात्यासमोर, कापणाऱ्याच्या बाजूला, जमिनीवर त्यांनी चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. त्या पट्ट्याला ते गल्ली म्हणत. लाकूड अडकले तर पाते ते कापणाऱ्याच्या दिशेने उलटे फेकते, आणि फेकते ते त्याच रेषेत. म्हणून चाचा स्वतः गल्लीच्या डावीकडे उभे राहत. मालक असो, पोस्टमन असो, त्या रेघांत कोणाला थांबू देत नसत. "गल्लीत कोण ऱ्हात न्हाई," एवढेच सांगत.

पात्याच्या पाठीमागे एक उभी पातळ लोखंडी पट्टी होती. तिला ते बांध म्हणत. कापून दोन झालेले लाकूड पुढे सरकताना आतल्या ताणाने पुन्हा जवळ येऊ पाहते आणि पात्याला चिमटते. ती पट्टी मध्ये उभी राहून दोन्ही भाग वेगळे ठेवते. "मानसाचं उलटं हाय," ते मला म्हणाले होते. "वाटणी झाली की भाऊ भावापासनं लांब पळतो. लाकूड वाटणी झाल्यावर जवळ येतंय. म्हणून हितं बी बांध लागतो." पाते लाकडाच्या वर करंगळीच्या नखाएवढेच ठेवायचे, हाही त्यांचा दंडक. कोणी ते चढवले तर ओरडत, "दात किती काढलेत! हसतीय का ती?"

हे सगळे मी आयटीआयमध्ये वाचले होते. पुस्तकात गल्ली नव्हती आणि बांधही नव्हता, पण अर्थ तोच. मला न पटणारी त्यांची गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे गोळा.

पात्याजवळ हात न नेता लाकूड पुढे ढकलण्यासाठी एक काठी वापरतात. चाचांची काठी सागवानी होती, मुठीशी घामाने काळी पडलेली. तिला ते गोळा म्हणत. त्यांचे वडील रेल्वेत पॉइंट्समन होते, दौंडहून नगरकडे जाणाऱ्या एकेरी लाइनवर. त्या काळी एकेरी लाइनवर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा देत. गोळा ज्याच्या हातात, लाइन त्याची. तो पुढच्या स्टेशनात पोचवेपर्यंत दुसरा गोळा निघत नसे. एकदा चाचांच्या वडिलांच्या हातून तो निसटून घाणेरीच्या झुडपांत पडला, तर गाडी तशीच उभी राहिली, आणि उतारूंसकट सगळे गाव काटे ओरबाडून घेत गोळा शोधत राहिले. "सापडंस्तवर डायवरनं शिट्टी सुदिक मारली न्हाई," हे चाचा अभिमानाने सांगत.

तोच कायदा त्यांनी कटरला लावला होता. रोज सकाळी ते फेन्स तपासत. लाकूड जिला टेकवून सरळ ढकलायचे ती लोखंडी पट्टी म्हणजे फेन्स. ती पात्याला पुढून-मागून समांतर हवी, मागे जरा जरी आत झुकली तरी लाकूड तिच्यात आणि पात्यात आवळते. चाचा पट्टीने दोन्हीकडचे अंतर मोजत, पुढचा नट आवळत, मागे जाऊन मागचा आवळत, आणि मग काठी कमरेला खोचत. त्यानंतर दिवसभर पुन्हा तपासणी नाही. गरजच काय? काठी कमरेला आहे, म्हणजे मशीनला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. चहाला जाताना काठी सोबत, लघवीला जाताना सोबत. शुक्रवारी दुपारी ते सायकलवरून नमाजला जात, तेव्हा मशिदीच्या पायरीशी त्यांच्या चपलांवर ती आडवी ठेवलेली असे. मला ती हातात मिळे, पण त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि काम झाले की ते हात पुढे करत. "गोळा."

दोन वर्षे मी तो परत केला. तिसऱ्या वर्षी मला वाटू लागले की हा नियम नाही, हा माणूस मला कमी लेखतो. त्याच भावनेच्या भरात एका दुपारी मी त्यांची नजर चुकवून कागदावर त्यांच्या काठीची आकृती काढून घेतली आणि दुसरी काठी कापली. पुढे दर शुक्रवारी ते गेले की मी अर्धा-पाऊण तास कटर चालवी. जेवणाची सुट्टी असे. बाकीचे बाहेर लिंबाखाली भाकरी खात. एकाने विचारले तेव्हा मी बेधडक म्हणालो, "चाचांनी सांगून ठेवलंय." चाचा यायच्या आत पोत्याने भुसा पुसून ठेवत असे. एकदा ते टेबलावर हात फिरवत म्हणाले, "आज मशीन लई साफ हाय रं. कुणी पुसली?" मी पुसली म्हणालो. "शाब्बास," ते म्हणाले. ती शाबासकी मी घेतली.

तो दिवसही शुक्रवारच होता. कुरकुंभच्या एका कारखान्याचे खरेदी पाहणारे साहेब दुपारी माल बघायला येणार होते. पट्ट्यांचा ढीग मोठा दिसावा म्हणून मी दोन्ही नट सोडून फेन्स आत घेतली होती आणि अरुंद पट्ट्या काढत होतो. इतक्यात सायकलची घंटा वाजली. पाहुणे येणार म्हणून चाचा लवकर परतले होते. मी खटका बंद केला, फेन्स त्यांच्या पेन्सिलीच्या खुणेवर सरकवली, पुढचा नट आवळला, भुसा पुसला आणि माझी काठी पॅलेटच्या थप्पीमागे टाकली. मागचा नट राहिला.

हे मला लगेच आठवले नाही, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरे नाही. चाचा घड्याळ खिळ्याला अडकवत होते तेव्हाच आठवले. मालक साहेबांना घेऊन आत आले, साहेब नेमके चुन्याच्या रेघांमध्ये उभे राहिले आणि चाचा म्हणाले, "सायेब, गल्लीतनं बाजूला व्हा. तिथं कोण ऱ्हात न्हाई." साहेब हसून बाजूला झाले. चाचांनी फळी टेबलावर घेतली. ते काहीतरी सांगत होते, मेव्हण्याच्या म्हशीबद्दल. एवढा सगळा वेळ माझ्याजवळ होता. "चाचा, थांबा," एवढे दोनच शब्द लागत होते. पण त्यांच्या मागोमाग काठीबद्दलही बोलावे लागले असते.

"तर म्हशीला घिऊन मेव्हणा थेट—" चाचा म्हणाले, आणि त्यांनी खटका दाबला.

फळीचे शेवटचे टोक कापले गेले आणि सुटी झालेली अरुंद पट्टी, मागे आत झुकलेल्या फेन्सने पात्याकडे रेटली जाऊन, बाणासारखी उलटी सुटली. ती गल्लीतून गेली आणि गल्लीच्या टोकाचा पत्रा फोडून बाहेर पडली. साहेब रेघेपासून वीतभर अंतरावर उभे होते. चाचांनी त्यांना हलवले नसते तर काय झाले असते याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

चाचांनी खटका बंद केला. तशाही वेळी ते पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबले. मग मागे जाऊन वाकले आणि मागच्या नटाला बोट लावले. नट नुसत्या बोटाने फिरला.

"ढिला हाय," ते म्हणाले. कोणी काही विचारण्याच्या आत, "माझ्याकडनं ऱ्हायला."

आमच्यातला एकजण म्हणाला, "चाचा, सकाळी पाना लावताना मी बघितलंय की तुमास्नी."

"तुला वाटलं आसंल. कालचं ध्यानात आसंल." त्यांनी कमरेची काठी काढून सगळ्यांना दाखवली. "गोळा माझ्यापाशी हाय. दुसरं कोण हात लावंल मशीनीला?" ज्याला मी 'चाचांनी सांगून ठेवलंय' म्हणालो होतो त्याने माझ्याकडे पाहिले, पण मालकांपुढे माझे नाव घेतले नाही.

मालक मवाळपणे म्हणाले, "होतं मिस्त्री, वय झालं आता." त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चाचा भांडले असते, असे मला वाटते. फुटलेल्या पत्र्यातून उन्हाचा लांबट तुकडा थेट गल्लीत पडला होता. आम्ही वाट पाहिली, पण मेव्हण्याच्या म्हशीचे वाक्य त्यांनी पुढे उचलले नाही. ती म्हैस कुठे गेली, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काठी माझ्यापुढे धरली.

"धर. आजपासनं तुझा."

"चाचा, मी कसा..."

"तुझा हात चांगला हाय. मला माझा भरवसा ऱ्हायला न्हाई."

मी ती घेतली. माझ्या आयुष्यात मी ज्या गोष्टी खाली मान घालून घेतल्या, त्यांत तिच्याएवढी जड दुसरी नाही.

चाचा पॅलेटला खिळे ठोकू लागले. एक पॅलेट पुरे झाले की पुन्हा पहिल्या खिळ्यापासून सगळे चाचपत. मग सायकलला कुलूप लावून दोनदा परत जात, ते लागले का पाहायला. कटर चालू असतानाही ते आता बोलत, आणि वाक्ये भरभर पुरी करत, जणू मध्ये थांबले तर पुढचे सापडणार नाही. वर्षभरात ते काम सोडून शिरूरला मुलीकडे राहायला गेले. मी त्यांच्या रेघा दर महिन्याला चुन्याने उजळत राहिलो. माणसे मला शिस्तीचा म्हणत. पुढे शेड बंद झाली, मी कुरकुंभला एका कारखान्यात पाळीवर लागलो, लग्न झाले, मुले झाली. दोन्ही काठ्या माझ्या ट्रंकेत होत्या. बायकोने विचारले तेव्हा मी म्हणालो, जुनी आठवण.

दौंडच्या एसटी स्टँडवर एकदा शेडमधला जुना सोबती भेटला. चाचांना पाना लावताना ज्याने पाहिले होते तोच. मी चाचांची चौकशी केली.

"हायेत की. पण पोरगी एकटं सोडत न्हाई. इसरत्यात म्हणं."

"काय विसरतात?"

"तसं इसरल्यालं कुणी बघितलं न्हाई. पण त्येच म्हणत्यात, मी इसरतो."

पुढच्या सुट्टीला मी शिरूरच्या गाडीत बसलो. पिशवीत दोन्ही काठ्या होत्या.

घर दोन खोल्यांचे, पुढे ओटा. चाचा चटईवर बसले होते. सदऱ्याच्या बाह्या अजून कोपरावर कापलेल्या. त्यांनी मला बघताक्षणी ओळखले. "आयटीआय साहेब! बोटं दाखव." मी दोन्ही पंजे पुढे केले. त्यांनी खरोखर मोजली आणि खूश झाले. तेवढ्यात उठले, आत जाऊन गॅसची खुंटी बघून आले. बसले. पुन्हा उठले आणि दाराची कडी बघितली.

मुलगी चहा घेऊन आली. "आसंच चालतंय दिवसभर," ती मला म्हणाली. "नातीला बालवाडीत सोडा म्हटलं तर नगं म्हणत्यात. दोन गल्ल्या पलीकडं हाय शाळा. म्हणत्यात, वाटंत पोरीला कुठं इसरून आलो तर? मशीनीवर एकडाव नट आवळायचा ऱ्हायला हुता म्हणं, तवापासनं हे." मग वडिलांकडे वळून मोठ्याने, "अब्बा, चहा घ्या, गार हुतोय." ती आत गेली.

मी पिशवीतून काठ्या काढून चटईवर ठेवल्या. चाचांनी दोन्ही उचलल्या, एकीला एक लावून पाहिल्या. लांबी एक, खाच एक.

"ही माझी. आन् ही?"

"मी केली." मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हणालो. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिले.

"कवा?"

"शेडमध्येच. तुम्ही नमाजला जायचात तेव्हा मी मशीन चालवायचो. त्या दिवशीही चालवली होती."

किती ऐकू गेले ते कळले नाही. त्यांनी दोन्ही काठ्या चटईवर शेजारीशेजारी ठेवल्या. "एका लायनीत दोन गोळे," ते हळूच म्हणाले. तसे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि त्यात शिवी असती तर मला सोपे गेले असते. मग त्यांचा उजवा अंगठा आणि पहिले बोट हवेत हलू लागले, नट फिरवावा तसे.

"मागला नट?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"आयकू येत न्हाई. पोरी, भाईर ये. हा काय सांगतोय ते तू बी आयक." मुलगी हात पुसत दारात आली. चाचा माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे मी शेडमध्ये पाहिले होते तसे होते, पट्टीवरचा आकडा वाचणारे. "हां, टाक तोंडातली गुळणी. म्हंजी त्या दिशी सकाळी मी मागला नट—"

आणि ते थांबले. वाक्याच्या मध्येच, पूर्वी थांबत तसे. पुढचा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. तो नऊ वर्षे माझ्याजवळ होता.

मी उभा राहिलो. आयुष्यात मी कोणापुढे आवाज चढवलेला नाही. तो कसा लागेल याची मला कल्पना नव्हती. शेजारच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"आवळला होता, चाचा!" मी ओरडलो. "दोन्ही नट तुम्ही आवळले होते! मागचा मी सोडला, आवळायला मी विसरलो, आणि आठवल्यावर मी गप्प बसलो! तुम्ही काही विसरला नव्हता, चाचा! मला माफ करा!"